लागलं कुठं, लागलं कुणाला

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो तेव्हा तिथं फिरताना एक गोष्ट न शिकवता कळते. घोड्याच्या अगदी मागून कुणी जात नाही. जायचंच झालं तर चार हात लांबून जातो, आणि सोबत पोर असेल तर त्याला आधी आपल्या पलीकडच्या बाजूला घेतो. घोड्याची लाथ काय करू शकते, हे तापीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. बसलीच एखाद्याला, तर ‘श्वास घेता येतोय का, कुठं लागलं, गाडी काढा’ अशी धावपळ त्याच क्षणी सुरू होते.

माणसाची लाथ माणसाला चुकून लागते तेव्हा मात्र आपण वेगळ्याच गोष्टीची काळजी घेतो. ज्याचा पाय लागला तो चटकन वाकतो, समोरच्याला हात लावून नमस्कार करतो. मान राखला जातो आणि प्रकरण तिथंच मिटतं. हा संस्कार चांगलाच आहे, तो राहावा. पण त्यात दखल घेतली जाते ती अपमानाची, इजेची नाही. ज्याला लागलं तोही संकोचाने ‘काही नाही, काही नाही’ म्हणतो, अंगावरची धूळ झटकतो आणि उठतो. इथं बोलायचं आहे ते या ‘काही नाही’बद्दल. कारण दहांतल्या नऊ वेळा ते खरं असलं, तरी दहाव्या वेळी त्याची किंमत एखाद्या पोराच्या प्लीहेने, पायाने किंवा जिवाने चुकवावी लागू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आणि इजांच्या वर्गीकरणाची जी दहावी आवृत्ती १९९० साली स्वीकारली, तिच्यात या इजेसाठी वेगळा क्रमांक आहे: डब्ल्यू ५०. दुसऱ्या माणसाचा फटका, लाथ, चावा किंवा ओरखडा लागून झालेली इजा या क्रमांकाखाली नोंदवतात. जाणूनबुजून केलेली मारहाण यात धरत नाहीत, तिची जागा वेगळी. गर्दीत तुडवलं गेल्यास तेही वेगळं, ते डब्ल्यू ५२. म्हणजे ज्या घटनेला आपण घटनाही मानत नाही, तिची मोजदाद व्हावी असं जगभरच्या डॉक्टरांना वाटलं. मोजदादीसाठी आधी कुणीतरी ती सांगावी लागते, आणि अडतं ते तिथंच.

सारंगखेडा ज्यात येतं तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे सहा तालुके. वस्ती बहुतांश भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांची. सातपुड्यातल्या पाड्यांवरची कितीतरी मुलं-मुली आश्रमशाळांत राहून शिकतात आणि तिथं सर्वांत लाडका खेळ म्हणजे कबड्डी. त्याला साहित्य लागत नाही. फक्कीच्या रेषा ओढल्या की मैदान तयार. नंदुरबार आणि तळोदा या दोन्ही आदिवासी विकास प्रकल्पांतल्या शाळांच्या स्पर्धा होतात तेव्हा मैदानाभोवती उभं राहायला जागा मिळत नाही.

कबड्डीत पाय हे हत्यारच आहे. चढाईला गेलेला गडी पुढे सरकवलेल्या अंगठ्याने टिपतो, बाजूला झटकलेल्या टाचेने टिपतो, पाठ फिरवता फिरवता मागे लाथ मारून टिपतो. समोर कोपऱ्यातला बचावपटू घोटा धरायला झेपावतो, त्या क्षणी त्याचं डोकं चढाई करणाऱ्याच्या गुडघ्यापेक्षाही खाली असतं. एक पाय पकडीत अडकला की दुसरा पाय मध्यरेषेकडे आपोआप झटकला जातो. तो कुठं बसेल, हे त्या खेळाडूच्या हातात राहत नाही. जबडा, नाक, गळा, बरगड्या, पोट, जे जे नाजूक ते सगळं नेमकं त्या उंचीवर आलेलं असतं. वरून साखळीतले बाकीचे गडी अंगावर पडतात. ढीग उठतो तेव्हा कुणाचा पाय कुणाला लागला हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि पंचाची शिट्टी वाजून पुढची चढाई सुरूही झालेली असते. नखं कापलेली असावीत, अंगाला तेल नसावं, अंगावर दागिना नसावा असे नियम आहेत आणि मुद्दाम इजा करणाऱ्याला शिक्षाही आहे. पण अनवाणी पायाने मातीवर खेळणाऱ्या मुलाच्या नडगीवर किंवा पोटावर संरक्षण म्हणून काहीच नसतं.

फुटबॉलला या बाबतीत शहाणपण यायला बराच वेळ लागला. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा सर्वांत मोठं भांडण कशावरून झालं? प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा असावी की नसावी, यावरून. मुभा काढून घेतली म्हणून ब्लॅकहीथ नावाचा क्लब संघटनेतून बाहेर पडला. मुभा काढली तरी चुकून लागणाऱ्या लाथा थांबल्या नाहीत, तेव्हा १८७४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसन या खेळाडूने नडगीवर बांधायची गादी तयार केली. ती सक्तीची व्हायला १९९० साल उजाडलं. मुद्दाम मारलेल्या लाथेवर नियम आणणं सोपं, चुकून बसणाऱ्या लाथेचा विचार करायला माणसं उशीर लावतात, हे यावरून दिसतं.

लाथ लागल्यावर प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो ‘जोरात लागली का?’ हा प्रश्न चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा गावच्या शाळेत २० फेब्रुवारी १८८९ रोजी घडलेली एक घटना आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते. जॉर्ज पटनी नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाने वर्गात बसल्या बसल्या पलीकडच्या अँड्र्यू व्हॉसबर्गच्या नडगीला पायाने टोचलं. पाय इतका हलका लागला की अँड्र्यूला त्या क्षणी जाणवलंही नाही. थोड्याच वेळात मात्र तो वेदनेने ओरडला. पुढे ताप, उलट्या, पायाला सूज. डॉक्टरांनी चिरून पाहिलं तर पू झालेला आणि हाड कुजू लागलेलं. तो पाय पुन्हा कधीच पहिल्यासारखा झाला नाही. खरं कारण आधीच दडलेलं होतं: जानेवारीत त्याच पायाला गुडघ्याजवळ लागलं होतं, जखम भरत आली होती, पण आत जंतू घर करून होते. त्या हलक्या लाथेने त्यांना वाट करून दिली. जॉर्जचा इजा करायचा हेतू नव्हता, हे ज्युरीनेही मान्य केलं. तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व सांगितलं की समोरचा जसा असेल तसा, त्याच्या दुखऱ्या अंगासकट, तो आपल्या वाट्याला येतो. लाथ किती हलकी होती याला मग महत्त्व उरत नाही.

कायद्याचं सोडा, वैद्यकासाठीही हेच तत्त्व पायाभूत आहे. लाथ कुठं लागली आणि कुणाला लागली, हे दोन प्रश्न जोराच्या प्रश्नापेक्षा मोठे आहेत. नंदुरबारमध्ये तर दुसरा प्रश्न फारच मोठा आहे, आणि त्याचं कारण डाव्या बरगड्यांखाली आहे.

प्लीहा, गावाकडच्या बोलीत पानथरी, हा अवयव पोटाच्या डाव्या बाजूला नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असतो. निरोगी प्रौढ माणसात त्याचं वजन साधारण १५० ग्रॅम. त्यातून सतत रक्त वाहत असतं, त्यामुळे तो भिजलेल्या स्पंजासारखा मऊ असतो आणि त्यावर पातळ आवरण असतं. बरगड्यांच्या आड असेपर्यंत तो बऱ्यापैकी सुरक्षित. पण वारंवार येणारा हिवताप आणि रक्ताचे काही आजार त्याला फुगवतात. मग तो बरगड्यांच्या खाली उतरतो आणि पोटाला लागलेला साधा धक्काही त्याच्यापर्यंत पोचतो.

हे ज्ञान आपल्या देशात फार वाईट रीतीने वापरलं गेलं आहे. १८७०च्या दशकात आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने रविवारी सकाळी चर्चला निघताना गाडीजवळ वेळेवर हजर नाही म्हणून आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला चापट मारली, केस धरून ओढलं. कटवारू उठून शेजारच्या आवारात गेला आणि तिथं मरून पडला. शवविच्छेदनात प्लीहा फाटलेली आढळली. मॅजिस्ट्रेटने फुलरला ३० रुपये दंड केला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली आणि त्यावरून इंग्रज समाजात मोठं वादळ उठलं. त्यानंतरच्या काळातही साहेबाच्या लाथेने किंवा ठोशाने नोकर मेला की ‘त्याची प्लीहाच वाढलेली होती’ हा बचाव पुन्हा पुन्हा पुढे येत राहिला. त्यातलं शरीरशास्त्र खरं होतं, निष्कर्ष अन्यायाचा होता. ज्या देशात घरोघरी हिवताप आहे तिथं माणसावर हात उगारण्याआधी दहा वेळा विचार करायला हवा, असा निष्कर्ष त्यातून निघायला हवा होता. आपल्यासाठी त्यातून निघतो तो धडा असा: ज्या भागात वाढलेल्या प्लीहेची माणसं अधिक, तिथं पोटावर लागलेली कुठलीही लाथ हलकी मानायची नाही.

नंदुरबार हा तसा भाग आहे. हिवताप पूर्वीपेक्षा खूप कमी झाला, पण सिकलसेल हा रक्ताचा आजार इथं आहे. भारतात हा आजार १९५२ साली प्रथम निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांमध्ये त्याचा माग काढण्यात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्य घातलं; २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहणीत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा समाजांमध्ये सिकलसेलचा गुणधर्म २० ते ३५ टक्के लोकांमध्ये आढळला, आणि ज्या जिल्ह्यांत प्रत्यक्ष रुग्णांची संख्या ५,००० हून अधिक असावी असा अंदाज त्यांनी केला त्यांत नंदुरबार आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ हे तिचं लक्ष्यवर्ष आहे.

इथं एक फरक नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर उगाच भीती पसरते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेलं मूल हा ‘वाहक’. तो सर्वसाधारणपणे निरोगी असतो, त्याने खुशाल कबड्डी खेळावी. दोघांकडूनही जनुक मिळालेलं मूल हा ‘रुग्ण’. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, प्लीहेत अडकतात आणि ती वाढते. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांमध्ये प्लीहा बहुधा लहानपणीच आक्रसून निकामी होते. भारतातल्या रुग्णांमध्ये मात्र ती शाळकरी वयात आणि त्यानंतरही वाढलेली राहिलेली वारंवार आढळते. म्हणजे परदेशी पुस्तक वाचून ‘दहा-बारा वर्षांच्या सिकलसेल रुग्णाची प्लीहा कुठली उरलेली’ असं धरून चालणं आपल्या मुलांच्या बाबतीत घातक आहे. ज्या वयात मूल शाळेच्या संघात निवडलं जातं, नेमकं त्याच वयात त्याच्या बरगडीखाली हा नाजूक अवयव लोंबत असू शकतो.

आश्रमशाळेतल्या मुलांची सिकलसेल तपासणी होते. ज्याच्याकडे रुग्णाचं कार्ड आहे त्याचं पोट डॉक्टरांनी हाताने तपासून प्लीहा लागते का हे सांगावं, आणि ते क्रीडाशिक्षकाच्या वहीत लिहिलेलं असावं. प्लीहा वाढलेली असेल तर अंगाला अंग भिडणारा खेळ त्या मुलासाठी नाही. पण त्याला मैदानाबाहेर बसवून ठेवणंही नको. तिरकामठा ज्यांच्या घराघरात आहे त्या समाजाच्या मुलाला तिरंदाजीचा रस्ता मोकळा आहे, कॅरम आणि बुद्धिबळही आहे.

सिकलसेलच्या रुग्णाला नडगीवर लागलेल्या लाथेचंही असंच आहे. या मुलांची हाडं रक्तपुरवठ्याअभावी आधीच दुबळी झालेली असतात आणि त्यांत जंतुसंसर्ग लवकर होतो. लाथेनंतर दोन-तीन दिवसांनीही पाय दुखतोय, गरम लागतोय, ताप आहे, तर तो मुका मार नाही. वॉकेशाच्या त्या मुलाची गोष्ट इथं आठवावी.

आता पोटावर लाथ लागल्यानंतरचे तास. प्लीहा फाटली तर डाव्या बाजूला बरगडीखाली दुखतं. कधी डाव्या खांद्याच्या टोकाला दुखतं, जिथं काहीच लागलेलं नसतं. आत सांडलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं आणि तिथली नस मेंदूला खांद्याचा पत्ता सांगते, म्हणून असं होतं. मूल फिकट पडतं, घाम येतो, सारखं पाणी मागतं, उभं केलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब घसरायच्या आधी नाडी धावू लागते, म्हणून मनगट धरून नाडी मोजणं हे शिक्षकालाही जमण्यासारखं आणि फार मोलाचं काम आहे. काही वेळा रक्त आवरणाच्या आतच साठतं; मूल दोन दिवस बरं असतं, आणि मग आवरण फुटतं. आतड्याची तऱ्हा आणखी फसवी. लाथेने ते पाठीच्या कण्यावर दाबलं जाऊन फाटतं, पण सुरुवातीला दुखणं बेताचंच असतं. सहा-आठ तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोट फळीसारखं कडक होतं, उलट्या सुरू होतात, ताप चढतो. लघवीत रक्त दिसलं तर मूत्रपिंडाला मार आहे. म्हणून पोटावर, बरगड्यांवर किंवा कमरेच्या वर पाठीवर लाथ लागलेल्या मुलाला त्या रात्री एकटं झोपवायचं नाही, आणि दुखणं वाढत असेल तर खायला-प्यायला न देता दवाखाना गाठायचा. पोटदुखीची गोळी देऊन निजवणं हा सर्वांत धोक्याचा उपाय, कारण त्याने दुखणं दबतं, रक्तस्राव चालूच राहतो.

दवाखान्यात सोनोग्राफीने पोटात रक्त आहे की नाही हे काही मिनिटांत कळतं. पूर्वी फाटलेली प्लीहा सरसकट काढून टाकत. आता रुग्ण स्थिर असेल तर नजरेखाली ठेवून ती वाचवण्याकडे कल असतो, विशेषतः मुलांमध्ये. काढावीच लागली तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंविरुद्धच्या लसी घ्याव्या लागतात, कारण या जंतूंपासून संरक्षण देण्यात प्लीहेचा वाटा मोठा असतो. दोन्ही बाबतींत पुढचे बरेच आठवडे मैदान बंद.

पोटाखालोखाल मला काळजी वाटते ती मांडीची, कारण तिथं नुकसान आपण स्वतः करतो. मांडीच्या पुढच्या भागावर गुडघा किंवा टाच बसली की आत स्नायू चिरडतो आणि रक्त साठतं. मांडी टणक होते, गुडघा वाकत नाही. आपल्याकडे लगेच तेल गरम होतं, कुणीतरी जाणता माणूस जोर लावून चोळतो, वर विटेचा शेक देतो. करणाऱ्याच्या मनात माया असते, पण या वेळी माया उलटते. ताज्या माराला चोळलं आणि शेकलं की आतला रक्तस्राव वाढतो. साठलेल्या रक्तात पुढच्या काही आठवड्यांत चक्क हाड तयार होऊ शकतं, स्नायूच्या मधोमध. मग महिनोन् महिने पाय नीट दुमडत नाही. पहिले दोन दिवस गार पाण्याच्या घड्या किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ, बेताची सैल पट्टी, पाय उंच, आणि मांडीला मार असेल तर गुडघा वाकवून ठेवणं, एवढंच करायचं. आंबेहळदीचा लेप लावायचा तर हलक्या हाताने लावावा, चोळू मात्र नये. शेक आणि हालचाल नंतर, हळूहळू.

नडगीचं हाड समोरून नुसत्या कातडीखाली असतं, तिथं मांसाची गादी नाही. म्हणून तिथली लाथ झोंबते, टेंगूळ येतं, आणि बहुतेक वेळा आठवड्याभरात ओसरतं. जखम झाली तर साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. पण एक लक्षण पक्कं ध्यानात ठेवा. पोटरी किंवा नडगीच्या बाजूचा भाग ताणलेल्या चामड्यासारखा घट्ट झाला, दुखणं लागलेल्या मारापेक्षा फारच जास्त आहे, पायाची बोटं दुसऱ्याने वर-खाली केली तरी मूल किंचाळतं, बोटांना मुंग्या येतात, तर आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आहे. सहाएक तासांत स्नायू मरू लागतात. अशा पायावर बांबूच्या कामट्या कचकचून बांधणं म्हणजे तो पाय गमावण्याची तयारी. हाडवैद्यांनी पिढ्यान् पिढ्या या डोंगरात लोकांची सेवा केली आहे हे मी मानतो, आणि म्हणूनच त्यांना ही एक खूण कळकळीने सांगावीशी वाटते. असा पाय दिसला तर बांधू नका, दवाखान्यात पाठवा.

चेहऱ्यावर टाच बसली तर रक्त बघून सगळे घाबरतात, पण रक्त थांबवणं सोपं असतं: मान मागे न टाकता पुढे झुकवायची आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. नंतर नाकपुडीत मधल्या पडद्यावर मऊ फुगवटा दिसला आणि नाक बंद वाटलं, तर ते साठलेलं रक्त लगेच काढावं लागतं. नाहीतर आतली कूर्चा मरते आणि नाक बसतं. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावा, तो पुन्हा बसवता येतो. डोक्याला लाथ लागून मूल क्षणभर जरी सुन्न झालं, तोच तोच प्रश्न विचारत राहिलं, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात उतरत नाही, सामना अंतिम असला तरी. उलट्या किंवा गुंगी असेल तर तडक दवाखाना.

छातीच्या मध्यावर लागलेल्या फटक्याने कधीकधी, फार क्वचित, धडधाकट मुलगा जागीच कोसळतो. हृदयाच्या ठोक्यात काही मिलिसेकंदांची एक फट असते. नेमका त्या फटीत बसलेला फटका हृदयाची लय बिघडवतो, हाड न मोडता. अशा वेळी तोंडावर पाणी मारण्यात वेळ घालवायचा नाही. श्वास नाही किंवा आचके देतोय असं दिसताच छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. प्रत्येक क्रीडाशिक्षकाला हे यायला हवं, यावर माझ्या मनात दुमत नाही.

जांघेत लाथ लागलेली मुलं बोलतच नाहीत. मित्र हसतात, तीही हसून घेतात. वृषण पीळ पडून वर ओढला गेला असेल तर तो वाचवायला हातात सहाएक तासच असतात. तासाभरात दुखणं ओसरलं नाही, सूज आली, उलटी झाली, तर लाज बाजूला ठेवून मोठ्या माणसाला सांग, असं प्रत्येक मुलाला आधीच सांगून ठेवायला हवं.

घरातल्या लाथा वेगळ्या. एका खोलीत ओळीने झोपणारी कुटुंबं, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांच्या झोपड्या; तिथं गरोदर आईशेजारी दोन वर्षांचं पोर हात-पाय झाडत झोपलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आड सुरक्षित असतं, आणि लहान मुलाच्या पायाने सहसा काही बिघडत नाही. पाच महिन्यांनंतर मात्र पोटावर जोराचा पाय लागून दुखू लागलं, पोट दगडासारखं होऊ लागलं, रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी तपासून घ्यावं. आणि पन्नाशी उलटलेला पुरुष झोपेत ओरडतो, स्वप्नात लढल्यासारखा लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्या बायकोला लागतं, असं वारंवार होत असेल तर तो स्वभावदोष नाही. १९८६ साली अमेरिकेत शेंक आणि मॅहोवाल्ड या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. पुढे काही वर्षांनी कंपवाताची चाहूल त्यातून लागू शकते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं.

इतकं सगळं कळूनही माणसं दवाखान्यात खरं सांगत नाहीत. ‘लाथ लागली’ म्हटलं की पोलिस केस होईल, ज्याचा पाय लागला त्या पोराचं नाव येईल, शाळेवर बालंट येईल, ही भीती. मग ‘पायरीवरून पडला’ असं सांगतात. पडलेल्या मुलाचे हात-पाय तपासले जातात. पोटावर लाथ लागलेल्या मुलाची सोनोग्राफी होते. चुकीची हकिगत म्हणजे चुकीची तपासणी. त्यात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठीत दुखणं नेमकं सांगता येत नसेल, तर सोबत आलेल्या मोठ्या माणसाचा शब्दच डॉक्टर धरून चालतात. कायद्याची भीती मात्र बाळगण्यासारखी नाही. इजांच्या नोंदी दवाखान्याला कराव्या लागतात, पण नोंद म्हणजे आरोप नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १८ आहे: कायदेशीर कृत्य योग्य काळजी घेऊन करताना, वाईट हेतूशिवाय, अपघाताने जे घडतं तो गुन्हा नाही. कलम २५ अठरा वर्षांवरील माणसाच्या संमतीने होणाऱ्या कृत्यांबद्दल आहे, आणि त्याचं उदाहरणच मुळी खेळाचं आहे: करमणुकीसाठी परस्परसंमतीने लढणाऱ्या दोघांपैकी एकाला, दुसरा नियमाने खेळत असताना, इजा झाली तर तो अपराध ठरत नाही. इंग्रजांच्या दंडसंहितेतही हीच तरतूद कलम ८० आणि ८७ मध्ये होती.

सातपुड्यात वेळ हाच खरा शत्रू आहे. पाड्यावरून रस्त्यापर्यंत बांबूच्या झोळीतून न्यायचं, तिथून धडगाव, मोलगी किंवा अक्कलकुव्याचं ग्रामीण रुग्णालय, आणि शस्त्रक्रिया लागली तर घाट उतरून नंदुरबार. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथं पोचेपर्यंत अर्धा दिवस जाऊ शकतो. नर्मदाकाठच्या गावांना तरंगत्या दवाखान्याचाच आधार. जिथं शहरातला माणूस ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू शकतो, तिथं धडगावच्या वसतिगृहातल्या शिक्षकाला तसं म्हणायची मुभा नाही. त्याची सकाळ म्हणजे दुपारचा दवाखाना.

क्रीडाशिक्षकांना, अधीक्षकांना आणि आई-वडिलांना विनंती आहे ती एवढीच. सामना संपल्यावर प्रत्येक मुलाला विचारा, कुठं लागलं. आणि सिकलसेलचं कार्ड असलेल्या मुलाला दोनदा विचारा. पोटावर, छातीवर, डोक्यावर किंवा जांघेत लागलं असेल तर वेळ टाकून वहीत लिहा, रात्रीतून दोन वेळा उठवून नाडी आणि पोट बघा. डॉक्टरांना ‘पडला’ असं सांगू नका, लाथ लागली असंच सांगा. आणि दुखणं वाढत असेल तर उजाडायची वाट न बघता १०८ लावा. हा फोन फुकट आहे आणि रात्रीही उचलला जातो.